सराफ, अशोक

सराफ, अशोक : (४ जून १९४७ – ). मराठी रंगभूमी व चित्रपट ह्या क्षेत्रांतील ख्यातनाम विनोदी नट. जन्म मुंबई येथे. नाट्यदिग्दर्शक गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. त्यांच्या सहवासामुळे रंगभूमीची ओळख सराफ यांना लहान वयातच झाली. ‘ययाति आणि देवयानी’ ह्या नाटकातील विदूषकाच्या भूमिकेने त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. पुढे काही वर्षे स्टेट बँकेतील नोकरी सांभाळून ते नाटकांतून कामे करीत. ‘जानकी’ (१९६९) व गजानन जागीरदारांचा ‘दोन्ही घरचा पाहुणा’ (१९७१) हे त्यांचे आरंभीचे चित्रपट. तथापि चित्रपटांत त्यांचे नाव झाले, ते दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मुळे (१९७५). ह्या चित्रपटात कोंडके यांच्यासमोर उभे राहून त्यांनी रंगविलेला हवालदार सखाराम प्रेक्षकांच्या विशेष पसंतीस उतरला. ‘राम राम गंगाराम’ (१९७७) ह्या कोंडके यांच्या पुढील चित्रपटातही त्यांची भूमिका होती.

सराफ यांच्या अभिनयाचे वेगळेपण ध्यानी येण्यासाठी त्यांच्या आधीची परंपरा लक्षात घ्यावी लागते. मराठी बोलपटांत विनोदी नटाचे स्थान पुष्कळदा नायकाच्या सोबत्याचे असे आणि त्याचा विनोद शरीराच्या अथवा बोलण्याच्या एखाद्या विक्षिप्त लकबीवर आधारलेला असे. दामुअण्णा मालवणकर यांचे तिरळे डोळे हे ह्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. राजा गोसावी यांनी ‘लाखाची गोष्ट’सारख्या (१९५२) चित्रपटांतून विनोदी नटाला नायकपद मिळवून दिले, शरद तळवलकर यांनी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या भूमिका आपल्या खास शैलीने रंगविल्या, तर कोंडके यांनी गावरान भोळेपणा व द्व्यर्थी संवाद यांच्या बळावर स्वतंत्र प्रेक्षकवर्ग निर्माण केला. सराफ यांच्यापाशी असे कोणतेही ठरावीक भांडवल नव्हते. त्यांचे रूप सर्वसाधारण शहरी माणसाचे होते, आणि नेमक्या ह्याच साधारणपणातून त्यांनी आपला विनोद घडविला.

हा विनोद प्रामुख्याने प्रतिक्रियेचा आहे. समोरचे पात्र बोलत असता सराफ ते कसे ऐकतात, क्षणभर कोठे थांबतात आणि उत्तर किती उशिरा वा किती त्वरेने देतात, ह्यावर प्रसंगाचा परिणाम अवलंबून असतो. शब्द फेकण्यापूर्वीचा विराम आणि नजरेची झटकन झालेली हालचाल ही त्यांची मुख्य साधने होत. म्हणूनच त्यांच्या गाजलेल्या जागा नुसत्या कागदावर वाचल्या असता सामान्य वाटतात. सचिन दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ह्या चित्रपटातील धनंजय माने ही त्यांची भूमिका ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भाड्याने खोली मिळावी म्हणून चार तरुणांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात, असे ह्याचे कथानक आहे. उघड सोंगे सचिन व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्याला आली आहेत. ती निभावून नेण्याची चिंता मात्र धनंजय माने वाहतो. प्रेक्षक वेषांतराला हसतो, पण प्रसंगावर त्याचा विश्वास बसतो तो ह्या माणसाच्या तारांबळीमुळे. राहत्या जागेची टंचाई, नोकरी टिकविण्याची धडपड आणि प्रतिष्ठा राखण्यासाठी बोलावे लागणारे खोटे हा मूलतः गंभीर आशय सराफ यांनी हसत्या चेहऱ्याने पेलला आहे.

महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’तील (१९८५) त्यांचे सोंग ह्याहून भिन्न प्रकारचे आहे. धनाढ्य वृद्धाचा आव आणताना पाईप ओढून लागलेला ठसका आणि त्यातून निघणारे अर्थहीन आवाज एवढ्यावर हा विनोद उभा आहे. अशा विनोदासाठी प्रमाणभाषेची जाण अत्यावश्यक नसते. नवापूर तालुक्यातील खांडबारा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव व त्याचा परिसर उदाहरणादाखल घेता येईल. तेथील दैनंदिन व्यवहारात मराठीबरोबर भिल्ली बोली व गुजराती यांचाही वावर आहे. अशा सीमावर्ती भागातील प्रेक्षकाला शाब्दिक कोटी परकी वाटू शकते. परंतु फजितीच्या भीतीने कासावीस झालेला माणूस परका वाटत नाही. सराफ यांचा विनोद पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गापुरता सीमित राहत नाही, ह्याचे एक कारण येथे सापडते.

त्यांच्या कारकीर्दीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. १९८५ नंतरच्या सुमारे दशकभरात सराफ व बेर्डे यांच्या जोडीने मराठी चित्रपटास मोठा आधार दिला. परंतु ह्या यशाचे अनुकरण इतक्या वेळा झाले, की वेषांतर, गैरसमज व पळापळ यांची तीच ती मांडणी पुनःपुन्हा पडद्यावर येत राहिली. दुबळ्या पटकथेतील उणीव भरून काढण्याची कामगिरी नटावर सोपविली गेली. आणि सराफ ती सहज पार पाडीत असल्यामुळे पटकथा सुधारण्याची निकड निर्मात्यांना भासली नाही. प्रेक्षकांची पसंती लाभलेल्या नटाचे अशा रीतीने नुकसानच होते. ह्या काळातील त्यांच्या काही भूमिका परस्परांपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे ह्या हानीची कल्पना येते. अनिल बर्वे लिखित व विजया मेहता दिग्दर्शित ‘हमीदाबाईची कोठी’ ह्या नाटकात त्यांच्या अभिनयातील गंभीर बाजू प्रेक्षकांसमोर आली होती. ‘कळत नकळत’मधील (१९८९) मामा व ‘चौकट राजा’मधील (१९९१) गणा ह्या भूमिकांत विनोदाला जिव्हाळ्याची जोड मिळाली आहे. ‘वजीर’ व ‘भस्म’ (दोन्ही १९९४) ह्या चित्रपटांतून त्यांनी विनोदी प्रतिमा पूर्णपणे बाजूला ठेवली. ‘एक उनाड दिवस’मध्ये (२००५) शिस्तीत जखडलेल्या उद्योजकाचा एका दिवसापुरता मोकळा झालेला जीव त्यांनी संयमाने दाखविला. ह्या भूमिकांतही त्यांची साधने तीच आहेत : विराम, नजर व ऐकण्यातील एकाग्रता. विनोदी व गंभीर अभिनय ह्या दोन वेगळ्या विद्या असल्याचा समज त्यामुळे खोटा ठरतो.

हिंदीत ‘हम पाँच’ (१९९५ पासून) ह्या दूरचित्रवाणी मालिकेतील पाच मुलींचा पिता, तसेच ‘करण अर्जुन’ (१९९५), ‘येस बॉस’ (१९९७) व ‘सिंघम’ (२०११) ह्या चित्रपटांतील त्यांची कामे लोकप्रिय झाली. तथापि हिंदी चित्रपटांनी त्यांना बहुधा दुय्यम भूमिकाच दिल्या. अभिनेत्री निवेदिता जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला (१९९०). ‘मी बहुरूपी’ हे त्यांचे आत्मकथन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार, संगीत नाटक अकादमी पुरस्कार व पद्मश्री (२०२५) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत. विनोदी नटाच्या कामगिरीस एरवी उशिरानेच मिळणारी ही मान्यता सराफ यांच्या वाट्यासही पंचाहत्तरी उलटल्यावर आली.