‘बोम्बाई दस्तूर’ : एका नावाची मीमांसा

बंगाली स्त्रियांच्या वेशसुधारणेचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवी (१८५०–१९४१) यांना दिले जाते, आणि ते योग्यच होय. तथापि त्यांनी रूढ केलेल्या नेसणीला बंगालात प्रथम ‘बोम्बाई दस्तूर’ असे नाव पडले, याचा अर्थ पुरता उकलला गेलेला नाही. ‘दस्तूर’ हा शब्द मूळचा फारसी. चाल, रीत या अर्थाने तो जुन्या मराठीतही आढळतो. प्रश्न आहे तो ‘बोम्बाई’ या विशेषणाचा. मराठी वाचक त्यात महाराष्ट्राचे ऋण सहज वाचू पाहील. पुरावा मात्र निराळा आहे.

सनदी सेवेतील पहिले हिंदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांच्या या पत्नी १८६४ मध्ये मुंबईस आल्या. अंतःपुरातील एकवस्त्रा वेश घराबाहेर पडण्यास उपयोगी नव्हता. प्रवासासाठी फ्रेंच दुकानातून मुद्दाम शिववून घेतलेला पोशाख तर इतका अवघड, की तो चढविण्यास पतीचे साहाय्य लागे. मुंबईत माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात मुक्काम पडला आणि उपाय तेथेच सापडला. पारशी स्त्रिया पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेत. ज्ञानदानंदिनींनी तो डाव्या खांद्यावर घेतला, त्यामुळे उजवा हात मोकळा राहिला. साडीला पोलक्या-परकराची जोड मिळाली.

तेव्हा ‘बोम्बाई’ हे विशेषण शहराचे आहे, मराठी प्रांताचे नव्हे. सकच्छ नऊवारी लुगड्याशी या विकच्छ नेसणीचा संबंध नाही. किंबहुना नऊवारीची अडचण पुढे कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनाही जाणवली. १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्यावर, तेथील थंडीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची नेसण पत्करली. दोघींनीही साडी सोडली नाही. शेजारच्या समाजाची रीत आपलीशी केली. भेद एवढाच, की आनंदीबाईंचा बदल वैयक्तिक राहिला. ज्ञानदानंदिनींनी १८७१ मध्ये ‘बामाबोधिनी पत्रिके’त जाहिरात देऊन ही नेसण इतर स्त्रियांना शिकविण्याची तयारी दर्शविली.

पुढे ब्राह्मसमाजातील स्त्रियांमुळे तिला ‘ब्राह्मिका साडी’ हे नाव मिळाले. पहिल्या नावाने शहराला मान दिला, दुसऱ्याने पंथाला. जिने ती घडविली तिला, वा जिच्याकडून घेतली त्या पारशी स्त्रीला, एकाही नावात स्थान नाही. अखेर नेसण सर्वत्र रुळली आणि विशेषणही गळून पडले. उसना शब्द भाषेत मुरला म्हणजे त्याचे मूळ विसरले जाते, तसेच हे झाले.

म्हणूनच ज्ञानदानंदिनींनी आधुनिक साडीचा ‘शोध’ लावला, हे विधान अतिव्याप्त ठरते. तर त्यांनी केवळ ‘अनुकरण’ केले, हे अपुरे. निवड, फेरफार आणि अध्यापन ही त्यांच्या कार्याची तीन अंगे होत. पहिल्या दोहोंनी एका स्त्रीची सोय झाली. इतरांना घराबाहेरची वाट खुली झाली ती तिसऱ्यामुळे. या कार्याचे मूल्यमापन त्या अंगावरूनच झाले पाहिजे.