सचित्र पोथी व तिची पुष्पिका : डॉ. मोतीचंद्र यांच्या कार्याचें परीक्षण

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) संचालक डॉ. मोतीचंद्र (१९०९–१९७४) हे मूळचे काशीचे, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यांतील. १९३७ सालीं ते संग्रहालयाच्या कलाविभागांत आले व पुढें संचालकपदास चढले. त्यांची ग्रंथसंपदा मोठी आहे. परंतु पोथीसंग्राहकांनीं तींतून काय घ्यावें व कोठें सावध असावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

चित्र हें अस्सल कागदाप्रमाणें प्रमाण मानून तें मजकुराशीं ताडून पाहणें, हा त्यांचा मुख्य गुण होय. मांडवगडास १४३९ सालीं लिहिलेल्या कल्पसूत्राचें विवेचन त्यांनीं कार्ल खंडालावाला यांच्यासह १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. गुजराथची म्हणून समजली जाणारी शैली माळव्यांतहि नांदत होती, हें त्या पोथीच्या पुष्पिकेनें ठरतें. मुंबईच्या एशियाटिक सोसायटींतील १५१६ च्या सचित्र आरण्यकपर्वाचेंहि तसेंच. सिकंदर लोदीच्या अमदानींतील ही मिति हातीं नसती, तर केवळ चित्रें पाहून तिचा काळ कोणी किती मागेंपुढें ओढला असता, याचा नेम नाहीं.

हीच दृष्टि त्यांच्या ‘सार्थवाह’ या १९५३ च्या हिंदी ग्रंथांत दिसते. प्राचीन व्यापारी मार्गांचा शोध त्यांनीं तेथें ग्रंथ व शिल्प एकत्र ठेवून घेतला आहे. आमच्या जेऊरच्या पूर्वेस, बार्शीपलीकडील तेर म्हणजे पेरिप्लसांतील तगर. पैठणाहून दहा दिवसांच्या वाटेवरील त्या पेठेचें महत्त्व जाणूं इच्छिणाऱ्यानें हा ग्रंथ अवश्य वाचावा.

पुष्पिका नसते तेथें मात्र त्यांचें प्रतिपादन तितकें बळकट राहत नाहीं. प्राचीन वेषभूषेचे ते जाणते; म्हणून पागोटें, जामा, ओढणी यांवरून काळ ठरविण्याकडे त्यांचा कल असे. वेषावरून काळाची एक मर्यादा मिळते, निर्णय मिळत नाहीं. कारण चित्रकार जुना वेष परंपरेनेंहि काढीत राहतो. त्यांच्याच संग्रहालयांतील लौरचंदाच्या पानांवर मितीचा निर्देश नाहीं, व त्यांच्या कालाविषयीं विद्वानांत मतभेद झाले, याचें मूळ येथेंच आहे.

म्हणून मोतीचंद्रांचे निर्णय पाठ करण्यापेक्षां त्यांची पद्धति उचलणें श्रेयस्कर. जुन्या वाड्यांतून अद्यापि रुमाल व पोथ्या निघतात, आणि चित्रांचीं पानें सुटीं करून विकलीं जातात; शेवटचें बिनचित्राचें पान रद्दींत जातें. किंमत चित्राला येते, परंतु साक्ष त्या शेवटच्या पानाची असते. संग्राहकांनीं प्रथम तें पान राखावें, पानांचा मूळ क्रम टिपून ठेवावा, आणि मगच शैलीविषयीं बोलावें.