एक तालुका, दोन लावण्या, एक शहर

मुंबईच्या इतिहासाचा शोध घेताना अभ्यासक गॅझेटियर उघडतो, नगरपालिकेचे अहवाल चाळतो आणि गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथाकडे वळतो. ते योग्यच आहे. पण या साधनांच्या पंक्तीला आपण शाहिराला सहसा बसवत नाही. मुंबईवरच्या दोन लावण्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यामुळे आपले काय हुकते ते कळते.

पहिली लावणी पठ्ठे बापूरावांची, दुसरी अण्णा भाऊ साठे यांची. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मण घरातला हा माणूस तमाशाच्या फडात शिरला आणि पवळेच्या साथीने गाजला. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावच्या मांग कुटुंबात जन्मले. लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

बापूरावांनी मुंबईचा गौरव केला आणि अण्णा भाऊंनी त्याला चोख उत्तर दिले, अशी मांडणी नेहमी केली जाते. मला ती अपुरी वाटते. बापूराव मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा देतात. लंका सोन्याची खरी, पण मालकी रावणाची. रामायण ऐकत वाढलेल्या श्रोत्याला याहून अधिक सांगावे लागत नाही. या कौतुकातच धास्ती मिसळलेली आहे. मुंबईत तमाशाला गर्दी करणारा श्रोता बहुतांशी घाटावरून आलेला गिरणी कामगार होता, हेही लक्षात घ्यायला हवे. ज्याच्या वाट्याला चाळीतली सामाईक खोली आली, त्याला शहराचा डंका ऐकताना त्या वैभवात घटकाभर तरी वाटा मिळत असणार. स्तुतीचे हे काम समीक्षेने कमी लेखू नये.

अण्णा भाऊ उपमा पुराणातलीच घेतात, पण तिची हद्द आखतात. बापूरावांची लंका म्हणजे अख्खे शहर. अण्णा भाऊंची इंद्रपुरी मात्र एकट्या मलबार हिलपुरती आहे. कुबेराची वस्ती तिथे, आणि लगेच पुढे परळ, जिथे माणसे रात्रंदिवस राबतात. उपमा आवळताच शहराचा नकाशा उमटतो. म्हणून अण्णा भाऊंनी बापूरावांना खोडून काढले असे मी म्हणणार नाही. लंकेत कोण कुठे राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

या नकाशालाही मर्यादा आहे. वर भोगणारे आणि खाली राबणारे अशा ठळक वाटणीत राबणाऱ्याचे मन फारसे दिसत नाही. ती उणीव अण्णा भाऊंच्याच ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने भरून निघते. बायकोला गावी ठेवून आलेल्या पुरुषांचे शहर, ही मुंबईची ओळख तिथे विरहातून होते, आणि तोच विरह पुढे बेळगाव, कारवार, निपाणीपर्यंत पोचून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे रूप घेतो. लोकसंख्येच्या तक्त्यात स्त्री-पुरुषांचे विषम प्रमाण सापडते. त्या आकड्याला घरचे माणूस जोडण्याचे काम शाहिराने केले.

१९८२च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर आता टोलेजंग इमारती आहेत. लावणीतले ‘उंचावर’ आता परळातही आले आहे. राबणारे मात्र तिथून पांगले. बखर आणि पोवाडा आपण इतिहासाचे साधन म्हणून तपासतो, त्यांतली अतिशयोक्ती वजा करून त्यांतले सत्य घेतो. गिरणगावापुरती तरी हीच कसोटी आणि हाच मान लावणीला मिळायला हवा. भोंगे थांबले, चाळी पडल्या. ती वस्ती शहराकडे कोणत्या नजरेने पाहत होती, याचा पुरावा या शब्दांत उरला आहे.