‘रोखणं’ म्हणजे नेमकं काय? एका पेपरचं वाचन

जर्नल क्लबसाठी पेपर निवडला की आपण शीर्षक वाचतो, आकृत्या चाळतो आणि स्लाइड्स बनवायला बसतो. मीही ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला २०२०चा एक पेपर असाच मांडला होता. विषय होता लसीकावाहिन्यांची विकृत वाढ, म्हणजे लिम्फॅटिक मालफॉर्मेशन. शीर्षकाचा अर्थ असा: व्हीईजीएफ-सीचा संदेश अडवला की ही विकृती रोखली जाते. मी खुशीत ‘उपचार सापडला’ असं लिहून टाकलं. पहिलाच प्रश्न आला, “रोखली म्हणजे नेमकं काय?” मी गप्प.

तुम्ही तसे अडकू नका, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

या विकृतीत पीआयकेथ्रीसीए जनुकात म्युटेशन असतं. ते आईवडिलांकडून येत नाही, शरीरातल्या काही पेशींमध्येच घडतं. त्यामुळे वाढीचा एक स्विच सतत चालू राहतो. पेपरची पहिली जमेची बाजू म्हणजे वेळेचा मुद्दा. मोठ्या पोकळ्या होणार की ऊतींमध्ये पसरणारं बारीक जाळं, हे स्विच विकासाच्या कोणत्या टप्प्यावर चालू झाला यावर ठरतं, असं उंदरांमध्ये दिसलं.

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची. स्विच कायम चालूच असेल, तर वरून येणाऱ्या व्हीईजीएफ-सीची गरज काय? तरीही बारीक जाळ्याची वाढ त्याच्यावर अवलंबून निघाली. अपेक्षेला धक्का देणारा निकाल तो हाच.

आता खटकलेली गोष्ट. आधीच झालेली विकृती मागे हटली ती फक्त दोन्ही मार्ग एकत्र अडवल्यावर: वरून व्हीईजीएफ-सी आणि खालून रॅपामायसिनने एमटॉर. एकट्या उपायाने ते झालं नाही. सारांशात हे स्पष्ट लिहिलंय, शीर्षकात मात्र एकच नाव. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा विकृती झालेलीच असते, म्हणून वाढ थांबणं आणि विकृती मागे हटणं यांतला फरक त्याच्यासाठी फार मोठा आहे.

शिवाय उंदरात स्विच कधी चालू करायचा हे संशोधक ठरवतात. माणसात ती वेळ आपल्याला दिसत नाही. त्यामुळे वेळेचा निष्कर्ष रुग्णाला लावताना जपूनच.

पुढचा पेपर घ्याल तेव्हा शीर्षकातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि ते सिद्ध करणारी आकृती शोधा. सापडली की मगच स्लाइड्सना हात लावा.