मुलगा कितवा? : ‘द लाऊड हाऊस’मधील अपत्यक्रम

अनेक बहिणींत एकच भाऊ असलेल्या घराचा उल्लेख झाला, म्हणजे शिरूर-दौंड भागातील कासुर्डीसारख्या गावी सहज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘मुलगा कितवा?’ हा होय. इंग्रजीत हा प्रश्न एका शब्दात विचारता येत नाही. मराठीत ‘कितवा’ हा शब्द हाताशी आहे, आणि त्याच्या उत्तरात त्या कुटुंबाचा बराचसा इतिहास सामावलेला असतो. निकलोडियन वाहिनीवर २ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘द लाऊड हाऊस’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचा विचार याच प्रश्नापासून करणे उचित ठरेल.

मिशिगन राज्यातील एका कल्पित गावी राहणारा अकरा वर्षांचा लिंकन लाऊड आणि त्याच्या दहा बहिणी यांचे गृहजीवन हा या मालिकेचा विषय. मुलगा झाल्यावर पाळणा थांबावयाचा, हा आपल्याकडील परिचित क्रम. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने, पुत्रप्राप्तीच्या प्रतीक्षेत जन्मलेल्या ‘नकोशा’ मुलींची संख्या २५ वर्षांपर्यंतच्या वयोगटात सुमारे २.१ कोटी असल्याचा अंदाज मांडला होता. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. तेव्हा दहा बहिणींचा भाऊ म्हणजे शेंडेफळ, असे आपण गृहीत धरून चालतो.

परंतु लिंकन सहावा आहे. पाच बहिणी त्याच्याहून थोरल्या, पाच धाकट्या. मुलगा झाल्यावरही या घरात पाळणा हलत राहिला. एवढ्या एका योजनेने बहिणींच्या जन्मावरील प्रतीक्षेचे सावट दूर होते. अकराही भावंडांची नावे ‘ल’ या एकाच वर्णाने आरंभ होतात. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे या समान आद्याक्षराचे मोल कळते.

२०१७ मधील ‘नो सच लक’ हा भाग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय. थोडी उसंत मिळावी म्हणून लिंकन आपण अपशकुनी असल्याचा बहिणीचा समज तसाच राहू देतो. परिणामी घरातील सर्वजण त्याला घराबाहेर काढतात. पुष्कळ प्रेक्षकांना हा भाग क्रूर वाटला. आपल्याकडे ‘पांढऱ्या पायाची’ हे दूषण मुलीच्या वा सुनेच्या वाट्याला येते. येथे ते एकुलत्या मुलाच्या माथी मारले आहे, आणि त्यातील अन्याय तत्काळ जाणवतो. हेच एखाद्या मुलीच्या बाबतीत घडते, तर तो इतक्या त्वरेने जाणवला असता काय?

मालिकेची खरी उणीव निवेदनात आहे. लिंकन प्रेक्षकांकडे वळून थेट बोलतो. बहिणी मात्र खेळाडू, गायिका, विनोदी, शास्त्रज्ञ अशा एकेका गुणाच्या खुणेने ओळखाव्या लागतात. पुढील भागांत त्यांना स्वतंत्र कथानके मिळाली, तरी आरंभीचा साचा पुरता मोडला नाही. जात्यावरच्या ओवीत याच्या उलट आहे. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांत भावाविषयीच्या ओव्या विपुल आहेत. तेथे बोलणारी बहीण असते आणि बंधुराया हा तिच्या शब्दांतून घडलेला असतो. पुत्राची मातब्बरी मानणाऱ्या समाजाने बहिणीला वाणी दिली, आणि ती न मानणाऱ्या या मालिकेने ती भावाकडे ठेवली. ‘कितवा?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणारी ही मालिका ‘कोणाच्या मुखाने?’ या प्रश्नापाशी अपुरी पडते. कुटुंबविषयक कथनाच्या अभ्यासकाने हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत.