पेपर्ड मॉथचा पुरावा : ज्युडिथ हूपर यांच्या आक्षेपांची चिकित्सा

जैविक उत्क्रांती म्हणजे एखाद्या जीवसमूहातील आनुवंशिक गुणांच्या प्रमाणात पिढ्यानुपिढ्या होणारा बदल. या बदलामागील प्रमुख प्रक्रिया म्हणून डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचे तत्त्व सविस्तर मांडले. मात्र निवड प्रत्यक्ष घडत असल्याचे दाखविणारे उदाहरण त्याच्यापाशी नव्हते. ही उणीव भरून काढली ती इंग्लंडमधील ‘पेपर्ड मॉथ’ या फिकट, ठिपकेदार पतंगाने. त्याचा काळा प्रकार १८४८ मध्ये मँचेस्टर येथे आढळल्याची नोंद आहे. १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडे काळवंडली, त्यामुळे फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेस सहज पडू लागले, असे याचे स्पष्टीकरण दिले गेले.

बर्नार्ड केटलवेल यांनी ते प्रयोगाने तपासले. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळील काजळलेल्या रानात खुणा करून सोडलेल्या ४४७ काळ्या पतंगांपैकी १२३, तर १३७ फिकट पतंगांपैकी केवळ १८ पुन्हा सापडले. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात निष्कर्ष नेमका उलटा आला.

ज्युडिथ हूपर यांच्या ‘ऑफ मॉथ्स अँड मेन’ (२००२) या ग्रंथाचा रोख या प्रयोगांवर आहे. ऑक्सफर्डमधील ई. बी. फोर्ड यांच्या वर्तुळाचे त्यातील चित्रण अतिशय वाचनीय आहे, हे मान्य केले पाहिजे. पतंग दिवसा खोडांवर सोडले गेले, त्यांची दाटी अस्वाभाविक होती, पुस्तकांतील काही छायाचित्रे मृत पतंग मांडून घेतलेली होती, हे आक्षेपही रास्त आहेत. परंतु ते नवे नाहीत. पद्धतीतील हे दोष मायकेल मॅजेरस यांनी १९९८ मध्येच नोंदविले होते, आणि तरीही पक्ष्यांच्या भक्षणाचे स्पष्टीकरण त्यांनी सोडले नव्हते. छायाचित्र हे दोन रंगांची तुलना दाखविण्याचे साधन होते. पुरावा होता तो आकडेवारीचा. अध्यापनात हा भेद अनेकदा पुसला जातो, आणि हूपरही तो पाळत नाहीत.

ग्रंथाचा खरा दुबळा भाग पुढे येतो. जुलै १९५३ च्या आरंभी पुन्हा सापडणाऱ्या पतंगांची संख्या वाढली, त्याच सुमारास फोर्ड यांचे पत्र आले होते. एवढ्यावरून लबाडीचा संशय सूचित केला जातो. त्या दिवसांत सोडलेल्या पतंगांची संख्याही वाढली होती, या साध्या कारणाला पुरेसे वजन मिळत नाही. केटलवेल १९७९ मध्येच निवर्तले होते. मृत व्यक्तीवरील अशा आरोपास याहून भक्कम आधार हवा होता.

शिवाय केटलवेल यांचे सर्व आकडे बाजूला ठेवले तरी १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतरच्या दशकांत काळ्या पतंगांचे प्रमाण घसरत गेले, ही वस्तुस्थिती उरतेच. मॅजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिज येथे प्रयोगातील त्रुटी टाळून ४,८६४ पतंग सोडले. नैसर्गिक अवस्थेत एक तृतीयांशाहून अधिक पतंग खोडांवर विसावतात असे त्यांना आढळले. म्हणजे ‘पतंग खोडावर बसतच नाहीत’ हा प्रचलित आक्षेपही अतिशयोक्त ठरला. स्वच्छ परिसरात काळे पतंग पक्ष्यांकडून अधिक प्रमाणात खाल्ले गेले. मॅजेरस २००९ मध्ये निवर्तले; त्यांची आकडेवारी सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. २०१६ मध्ये काळ्या रंगास कारणीभूत उत्परिवर्तन ‘कॉर्टेक्स’ या जनुकात निश्चित झाले. ते १८१९ च्या सुमारास घडले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे.