फिरत्या चित्रांची सावली

सावलीचा धडा आपल्याकडे किरणाकृती काढली की संपतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, अपारदर्शक वस्तू त्याला अडवते, झाले. चित्रकार त्यापुढे काय करतात, हेही मुलांना दाखवायला हवे. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना जवळचे उदाहरण चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचे. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून ते दृश्ये उभी करीत आणि त्यांची छायाचित्रे घेत. तेथे सावली कायमची थांबते. मुंबईच्या नलिनी मलानी तिला चालती ठेवतात.

मलानींचा जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीमुळे कुटुंब भारतात आले. त्यांची ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही मांडणी २०१२ साली जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात होती. पारदर्शक मायलरचे पाच मोठे दंडगोल टांगलेले, संथ फिरणारे. चित्रे आतून रंगवलेली. म्हणजे जे पुढे दिसायचे ते आधी रंगवायचे. सहा प्रक्षेपकांचा प्रकाश त्यांतून भिंतींवर पडतो. पातळ रंगातून रंगीत उजेड येतो, जाड रेघेची काळी सावली पडते.

सूर्यकिरण जवळजवळ समांतर येतात. जवळच्या दिव्याचे किरण मात्र पसरत जातात. दिव्यापासून अर्ध्या मीटरवरची २० सेंटीमीटरची आकृती तीन मीटरवरच्या भिंतीवर १२० सेंटीमीटर होते. छोटे चित्र भिंतभर होते ते असे. प्रकाशाच्या वाटेत आलेल्या प्रेक्षकाची सावलीही त्यातच मिसळते. विषय आहे स्त्रियांवरील हिंसेचा. ‘आम्ही नुसते पाहत होतो’ असे म्हणायला मग जागा उरत नाही. या मांडणीचे खरे बळ आम्हांला येथे दिसते.

उणीवही आहे. फिरत्या सावल्यांवर चलचित्रे, शब्द आणि आवाज यांची इतकी गर्दी होते की हाताने काढलेली रेघ कोणती, हे कळेनासे होते. अकरा मिनिटांच्या त्या आवर्तनात रेघेला थोडी उसंत मिळायला हवी होती.

वर्गात ही गर्दी नकोच. एक टॉर्च, पारदर्शक प्लास्टिकचा गुंडाळलेला कागद, मार्कर आणि टांगायला दोरा पुरे. मुलांनी आधी दिव्यापासूनची अंतरे आणि सावलीची उंची मोजून गुणोत्तर पडताळावे. मग त्याच सावल्यांतून आपल्या गावातली, सहसा कोणी न बोललेली एखादी गोष्ट भिंतीवर सांगावी. विज्ञान आणि चित्रकला यांचे तास त्या दिवशी जोडून घ्यावेत.